रिकाम्या पोटमाळ्याचं घर

न्यूयॉर्कच्या पूर्वेला लॉन्ग आयलंड हे लांबट बेट समुद्रात शिरलेलं आहे. मॅनहॅटनपासून पंचवीस-तीस मैलांवर, या बेटावर लेव्हिटाऊन आहे. तिथल्या गल्ल्यांतून आज चक्कर मारली तर दोन घरं सारखी सापडणं कठीण. एकाच्या दारापुढे खांबांचा पोर्च, दुसऱ्याला बाजूने जोडलेलं गॅरेज, तिसऱ्याचं छप्पर मागून उचललेलं, चौथं तर पुरतं दुमजली झालेलं. आणि तरीही अमेरिकेत ‘सगळी घरं साच्यातून काढल्यासारखी’ असं म्हणायचं झालं, की पाऊणशे वर्षं याच गावाचं नाव घेतलं जातं.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. १९४७ ते १९५१ या काळात इथे एकाच कंपनीने १७,४४७ घरं बांधली, तीही मोजक्या नमुन्यांवर. पुढे राहणाऱ्यांनी ती इतकी फिरवली, की मूळ रूपातलं घर आता शोधावं लागतं. युद्धोत्तर अमेरिकेतल्या नियोजित उपनगराची गोष्ट बहुतेक वेळा बिल्डरची म्हणून सांगितली जाते. घरं कशी बदलली हे पाहायला गेलं तर ती रहिवाशांची होते, आणि तिची सुरुवात बिल्डरने जे बांधायचं सोडून दिलं तिथून करावी लागते.

बटाट्याच्या शेतातलं गाव

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यदलांत सुमारे १ कोटी ६० लाख माणसांनी काम केलं. युद्ध संपलं, ती घरी आली, लग्नं झाली, पोरंबाळं झाली, आणि राहायला जागा नव्हती. आधी महामंदी आणि लगेच युद्ध, त्यामुळे पंधराएक वर्षं घरबांधणी रखडलेली होती. तरुण जोडपी आईवडिलांच्या घरात एका खोलीत संसार मांडत, किंवा सैन्याने उभारलेल्या अर्धगोल पत्र्याच्या बराकींत राहत. पैशाची सोय मात्र सरकारने केली होती. १९४४ च्या ‘जीआय बिल’ या कायद्याने माजी सैनिकांच्या गृहकर्जाला सरकारी हमी मिळाली होती आणि फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही यंत्रणा बँकांच्या कर्जाचा विमा उतरवत होती. स्वस्तात आणि झपाट्याने बांधणारा कोणीतरी हवा होता.

तो लेव्हिट अँड सन्स या कंपनीच्या रूपाने मिळाला. वडील अब्राहम पेशाने वकील, त्यांना बागेचा नाद. थोरला विल्यम धंदा सांभाळायचा, धाकटा आल्फ्रेड नकाशे काढायचा. युद्धकाळात कंपनीने व्हर्जिनियातल्या नॉरफोकमध्ये कामगारांसाठी घाऊक घरं बांधली होती आणि विल्यमने नौदलाच्या ‘सीबीज’ या बांधकाम दलात नोकरी केली होती. वेगाने बांधायचं कसं, याचं शिक्षण दोन्हीकडे झालं.

जमीन मिळाली ती एका किडीच्या कृपेने. लॉन्ग आयलंडच्या बटाट्याच्या शेतांत सोनेरी सूत्रकृमी शिरला होता. मुळं खाणारी ही कीड एकदा मातीत बसली की वर्षानुवर्षं जात नाही. पीक हातचं गेलेले शेतकरी जमीन विकायला तयारच होते. आयलंड ट्रीज नावाच्या या सपाट माळावर लेव्हिट बंधूंनी मोटारीच्या कारखान्याची पद्धत उलटी करून आणली. कारखान्यात गाडी पट्ट्यावरून सरकते आणि कामगार जागचा हलत नाही. इथे घर जागचं हलत नव्हतं, म्हणून कामगारांच्या टोळ्या सरकत गेल्या. सगळं काम सुमारे २७ टप्प्यांत वाटलेलं. ट्रक दर ६० फुटांवर ठरलेला माल टाकून पुढे जायचा. मग एक टोळी जोतं ओतायची, दुसरी सांगाडा उभा करायची, तिसरी छप्पर घालायची. रंगाऱ्यांतही एक जण फक्त एकच रंग लावत सुटायचा. लाकूड कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या स्वतःच्या गिरणीतून यायचं, खिळेसुद्धा कंपनीच पाडायची. काम ऐन भरात असताना दिवसाला तीस-तीस घरं उभी राहत.

१ ऑक्टोबर १९४७ ला पहिली कुटुंबं राहायला आली. भाडं महिना ६० डॉलर. लवकरच गावाचं नाव बदलून लेव्हिटाऊन झालं. १९४९ पासून घरं विकायला काढली, तेव्हा ७,९९० डॉलरचं घर माजी सैनिकाला एक छदामही आधी न भरता मिळत होतं. मार्च महिन्यात विक्री सुरू झाली आणि एकाच दिवसात सुमारे १,४०० करार झाले.

साडेसातशे फुटांत काय होतं

पहिला नमुना ‘केप कॉड’ शैलीचा. समोरून पाहिलं तर मधोमध दार, बाजूला खिडक्या आणि वर दोन तीव्र उताराची पाखी असलेलं छप्पर. आत पुढच्या बाजूला स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, मागे दोन बेडरूम, एक बाथरूम. सगळं मिळून सुमारे ७५० चौरस फूट, म्हणजे पुण्यातल्या आटोपशीर टू-बीएचकेएवढं. फरक जमिनीचा होता. प्लॉट ६० बाय १०० फुटांचा, म्हणजे ६,००० चौरस फूट. घराने व्यापलेला भाग जेमतेम आठवा हिस्सा.

स्वयंपाकघरात शेगडी, फ्रीज, पत्र्याची कपाटं आणि धुण्याचं यंत्र किमतीतच मिळे. १९५० च्या नमुन्यात तर बैठकीतल्या जिन्याच्या भिंतीत साडेबारा इंची टीव्ही बसवलेला होता. ही सगळी चैन परवडली, कारण दुसरीकडे भरपूर कात्री लावली होती. तळघर नाही. गॅरेज नाही. आणि जिना चढून वर गेलं तर पोटमाळा रिकामा. उघडे वासे, उघडी तुळवटं, बाकी काही नाही.

सगळी गोष्ट या जिन्यात आहे. वर खोली नाही आणि जिना मात्र बांधलेला. कंपनीने आजच्या किमतीत आजचं घर दिलं आणि उद्याचं घर मालकाच्या अंगावर सोडलं. दोन मुलं होईपर्यंत खालच्या खोल्या पुरत. तिसऱ्याची चाहूल लागली, की नवरा शनिवारी हातोडी घेऊन वर जायचा.

पाखं उचलायचं तंत्र

आपल्याकडच्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या घरात भिंत हलवायची म्हणजे छिन्नी, राडारोडा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर. लेव्हिटाऊनचं घर लाकडी सांगाड्याचं आहे. ठरावीक अंतरावर उभे लाकडी खांब, त्यांवर आतून जिप्समचे तक्ते, बाहेरून फळ्या किंवा पत्रे. हे काम करवत, हातोडी आणि थोडी अक्कल यांत बसतं. युद्धावरून आलेल्या पिढीकडे हत्यारांची सवय होती, आणि हातातली विजेची ड्रिल मशिन्स याच काळात सामान्य घरांत आली. लेव्हिटच्या घरांत काय काय बदल करता येतील, एवढंच सांगणारं ‘थाउजंड लेन्स’ नावाचं मासिकही निघालं. सगळ्यांची घरं एकाच नकाशाची असल्याचा हा फायदा होता. एकाने काढलेली युक्ती शेजारच्या हजार घरांना फूटपट्टी न लावता लागू पडायची. एकाच्या जिन्याखाली कपाट बसलं की तेच माप पूर्ण गल्लीला चालायचं.

पहिली पायरी पोटमाळ्यात दोन खोल्या काढण्याची. वाशांमध्ये उष्णतारोधक थर भरायचा, वर तक्ते ठोकायचे, मधे आडभिंत. पण उतरत्या छपराखाली माणूस ताठ उभा राहू शकतो तो फक्त आढ्याखालच्या पट्ट्यात. कडेला पलंग लावला तर सकाळी उठताना डोकं आपटणार. त्यावर उपाय डॉर्मरचा.

डॉर्मर म्हणजे पाख्याचा एक भाग उचलून तिथे उभी भिंत आणि खिडकी काढणं. लेव्हिटाऊनमध्ये रुळलेला प्रकार असा: मागच्या पाख्याचे वासे आढ्यालगत कापायचे. तोवर आढं खालून टेकूंवर धरायचं, कारण समोरासमोरचे वासे एकमेकांना रेटून उभे असतात आणि एक बाजू काढली की दुसरी सरकू पाहते. मग घराची मागची भिंत वरच्या मजल्याच्या उंचीपर्यंत चढवायची आणि तिच्या माथ्यापासून आढ्यापर्यंत जवळपास सपाट नवं पाखं घालायचं. अनुभवी सुतार भिंतीचा सांगाडा आधी जमिनीवर जोडून ठेवतात आणि हवामानाचा अंदाज पाहून मगच छपराला हात लावतात, कारण छप्पर उघडं असताना पाऊस आला तर खालच्या घरात पाणी. काम झालं की रस्त्यावरून घर जुनंच दिसतं आणि परसातून दुमजली. दुसरं बाथरूम काढायचं तर ते खालच्या मोरीच्या किंवा स्वयंपाकघराच्या नेमकं वर घेतात, म्हणजे सांडपाण्याचा नळ सरळ खाली उतरतो.

पुढची पायरी आडवी. मागे जेवणाची खोली, बाजूला गॅरेज, मग पुन्हा त्या गॅरेजची खोली. शेवटची पायरी सगळं छप्पर काढून पूर्ण दुसरा मजला चढवण्याची. चार मालक आणि सत्तर वर्षं झालेल्या घरात हे सगळे थर एकावर एक सापडतात. आतल्या कपाटाची मागची फळी काढली तर कधीकाळची बाहेरची भिंत दिसते, तिच्यावरच्या बाहेरच्या पत्र्यांसकट.

जोत्यात पुरलेली नळी

छपराने मोकळीक दिली, जोत्याने दिली नाही. लेव्हिटाऊन ज्या हेम्पस्टेड नगरात येतं, त्याच्या नियमाप्रमाणे घराला तळघर सक्तीचं होतं. १९४७ मध्ये लेव्हिटने तळघराशिवाय, जमिनीवर थेट ओतलेल्या काँक्रीटच्या लादीवर घर बांधायची परवानगी मागितली. सुनावणीला घराच्या आशेवर असलेले माजी सैनिक गर्दी करून आले आणि नियम बदलला गेला. या लादीतच तांब्याच्या नळ्यांची वेटोळी पुरली होती. स्वयंपाकघरात कपाटाएवढा तेलावर चालणारा बॉयलर. त्याचं गरम पाणी नळ्यांतून फिरायचं आणि जमीनच घर तापवायची. लॉन्ग आयलंडच्या हिवाळ्यात रांगणाऱ्या पोरासाठी याहून सुखाची जमीन नाही.

दुखणं नंतर सुरू झालं. लादी थोडी खचते, काँक्रीट चिरतं, तांबं झिजतं आणि कुठेतरी बारीक भोक पडतं. गळती दिसत नाही. बॉयलरचा दाब उतरत राहतो, पाणी पुन्हा पुन्हा भरावं लागतं, आणि जमिनीचा एखादा तुकडा भोवतालापेक्षा अधिक कोमट लागतो. पूर्वी अंदाजाने जमीन फोडत. आता उष्णता टिपणारा कॅमेरा आणि कान लावायची यंत्रं आहेत. एक भोक बुजवलं तर पुढच्या वर्षी दुसरं, म्हणून पुष्कळ मालकांनी जमिनीतल्या नळ्या कायमच्या बंद केल्या आणि भिंतींच्या कडेने गरम पाण्याच्या पट्ट्या फिरवल्या.

वाढीव बांधकामात या नळ्या आणखी एका तऱ्हेने भेटतात. नव्या खोलीची लादी वेगळी ओतलेली असते आणि तिच्यात वेटोळी नसतात. दोन लाद्या सारख्या खचत नाहीत, त्यामुळे सांध्यावर फरशीला चीर पडते. जुन्या नळ्या अजून चालू असतील तर जानेवारीत अनवाणी चालताना १९४७ चं घर कुठे संपतं ते तळपायाला बरोबर कळतं.

मूळच्या डांबरी फरश्यांचाही प्रश्न आहे. त्या काळच्या अशा फरश्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. जागच्या जागी झाकून ठेवल्या तर धोका फारसा नाही. करवतीने कापल्या, घासल्या किंवा फोडल्या, तर त्यांतले तंतू हवेत जातात आणि फुप्फुसांत बसतात. म्हणून जाणकार मालक आधी तपासणी करून घेतो आणि गरज पडली तर परवानाधारक माणसालाच बोलावतो. पुष्कळ घरांत जुन्या फरशीवर नवी, तिच्यावर गालिचा, असे थर चढण्यामागे हे एक कारण आहे.

कुंपण, दोरी आणि परवाना

घर हवं तसं वाढवायची मुभा होती, अंगणाला नव्हती. करारात अटी होत्या. कुंपण घालायचं नाही. हिरवळ दर आठवड्याला कापायची. कपडे फक्त गोल फिरत्या दांडीवर वाळत घालायचे, तेही शनिवार-रविवारी नाही. अब्राहम लेव्हिटने प्रत्येक घराला फळझाडं लावून दिली होती आणि त्यांची निगा कशी राखावी यावर तो स्थानिक वृत्तपत्रात लेखही लिहायचा. घरं लोकांच्या मालकीची झाली तशा अटी सैल पडल्या. आज जवळपास प्रत्येक परसाला कुंपण आहे.

बिल्डरची जागा मग नगराच्या बांधकाम खात्याने घेतली. रस्त्यापासून आणि शेजारच्या हद्दीपासून किती अंतर सोडायचं, प्लॉटचा किती भाग झाकायचा, हे सगळं नियमात बांधलेलं. एका घरात एकच कुटुंब. पण लग्न झालेल्या मुलीने किंवा मुलाने आईवडिलांना जवळ ठेवायचं म्हटलं, तर दुसऱ्या स्वयंपाकघरासाठी ‘मदर-डॉटर’ नावाचा खास परवाना मिळतो. नात्यातलं माणूस राहत असेल तरच. लगतच्या हिक्सव्हिलमध्ये भारतीय दुकानांची मोठी पेठ आहे, आणि या भागात घर घेणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांना, सासूसासऱ्यांसह राहायचं असेल तर, या परवान्याचे नियम लवकर पाठ होतात.

शनिवारी हातोडी घेऊन चढलेल्या सगळ्यांनीच परवाना काढला होता असं नाही. ती उधारी घर विकताना वसूल होते. खरेदीदाराचा वकील नगराच्या कागदांत पोटमाळा रिकामा पाहतो आणि प्रत्यक्षात वर दोन खोल्या आणि बाथरूम असतं. मग व्यवहार थांबतो, नकाशे काढले जातात, निरीक्षक येतो, आणि कधी आजोबांनी बसवलेली तुळई नातवाला बदलावी लागते.

ज्यांना जिनाच मिळाला नाही

इथल्या सुरुवातीच्या भाडेकरारात २५ वं कलम होतं. घर गोऱ्या वंशाखेरीज कोणालाही राहायला देता येणार नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. घरकाम करणाऱ्या नोकरांना तेवढी सूट. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये असं ठरवलं, आणि पुढच्या वर्षी लेव्हिटने कलम काढलं. वागणूक तीच राहिली. यूजीन बर्नेट हा कृष्णवर्णीय माजी सैनिक १९४९ मध्ये घर पाहायला आला, तेव्हा विक्रेत्याने त्याला परत पाठवलं. ज्या सरकारी यंत्रणेच्या जिवावर हे गाव उभं राहिलं, ती यंत्रणा स्वतःच वेगवेगळ्या वंशांच्या वस्त्या वेगळ्या ठेवण्याच्या बाजूची होती. पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटाऊनमध्ये १९५७ साली विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं, तेव्हा घरावर दगड पडले आणि राज्याचे पोलीस आणावे लागले.

घर वाढवण्याच्या गोष्टीत याचा हिशेब आहेच. १९४९ मध्ये एकही डॉलर आधी न भरता घेतलेलं घर पोटमाळा, डॉर्मर, जेवणाची खोली असं वाढत गेलं तशी त्याची किंमत वाढली. त्यावर पोरांच्या कॉलेजचं कर्ज निघालं, म्हातारपण निघालं, पुढच्या पिढीला भांडवल मिळालं. शनिवारची मेहनत ज्याची त्याची होती, पण ती ज्या जोत्यावर केली ते जोतं सगळ्यांना मिळालं नव्हतं. न्यूयॉर्कच्या लेव्हिटाऊनमध्ये आजही कृष्णवर्णीय रहिवासी जेमतेम एक-दोन टक्के आहेत.

वाढलेलं घर आणि हरवलेलं घर

लुइस ममफर्डसारख्या टीकाकारांना अशी उपनगरं माणसांना एकाच ठशाची करतील असं वाटत होतं. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स १९५८ मध्ये न्यू जर्सीतल्या तिसऱ्या लेव्हिटाऊनमध्ये घर घेऊन दोन वर्षं राहिला आणि १९६७ मध्ये त्याने ‘द लेव्हिटाउनर्स’ हे पुस्तक लिहिलं. घरं सारखी म्हणून माणसं सारखी होत नाहीत, हे त्याने तपशिलाने दाखवलं. पुढे बार्बरा केली या अभ्यासकाने न्यूयॉर्कच्या लेव्हिटाऊनमधल्या घरांचे फेरफार नोंदवत, हे गाव रहिवाशांनी दुसऱ्यांदा बांधलं हे सप्रमाण मांडलं.

लेव्हिटने पोटमाळा रिकामा ठेवला तो खर्च वाचवायला. हीच गोष्ट पुढे काही वास्तुरचनाकारांनी जाणीवपूर्वक केली. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला लहान घरांची वसाहत आखली. तिथे शेजाऱ्याशी भिंत सामाईक ठेवली नाही, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या ऐपतीने घर वाढवता यावं. चिलीत इकिके शहरात आलेहांद्रो अरावेना यांनी २००४ मध्ये गरीब कुटुंबांना अर्धं घर बांधून दिलं आणि उरलेल्या अर्ध्याची जागा दोन घरांच्या मधे मोकळी सोडली. तिघांच्या हिशेबात एक गोष्ट समान आहे. माणसाकडे पहिल्या दिवशी पैसा कमी आणि पुढे वर्षं भरपूर असतात, तर घरही त्याच क्रमाने वाढू द्यावं.

या शहाणपणाची दुसरी बाजू लेव्हिटाऊनमध्ये आता दिसते. साठ डॉलर भाड्याचं, दोन बेडरूमचं ते घर कोणी पाडलं नाही. ते वाढत वाढत नाहीसं झालं. आज इथल्या घराची किंमत सहा लाख डॉलरच्या पुढे गेलेली आहे. त्यात न्यूयॉर्कच्या जवळिकीचा भाग आहे, आणि चार-पाच बेडरूम, दोन बाथरूम झाल्याचाही आहे. वाढलेलं घर पुन्हा साडेसातशे फुटांचं करून कोणी विकत नाही. तेवढ्याच ६,००० फुटांच्या प्लॉटवर दोन लहान घरं बांधावीत म्हटलं, तर एका कुटुंबाचा नियम आड येतो, आणि तो नियम बदलायला सर्वांत मोठा विरोध करतात ते ज्यांचं घर आधीच वाढून झालं आहे ते. १९४७ च्या सुनावणीला गर्दी करून तळघराचा नियम बदलून घेणारे लोक बेघर होते, म्हणून तो बदलला. आजच्या सुनावणीत आवाज आणि मत गावात आधीच राहणाऱ्यांचं असतं. ज्यांना तिथे पहिलं घर हवं आहे ती तरुण जोडपी अजून भलत्याच गावच्या भाड्याच्या खोलीत राहतात. लहान घरांचं गाव एकदा बांधून भागत नाही, ते दर पिढीला नव्याने बांधावं लागतं, आणि ते कोणाच्या शेजारी बांधायचं याचं उत्तर लेव्हिटाऊनने अजून दिलेलं नाही.